लोडेड ट्रकचा गिअर: ड्रायव्हरला काय शिकवाल आणि बक्षीस कशाचं द्याल?

आजचा विषय अशा दुकानदारांसाठी आहे, ज्यांची स्वतःची एखादी ट्रक किंवा टिपर आहे आणि ड्रायव्हर नवा आहे.

आधी माझी चूक सांगतो. माझं दुकान बिल्डिंग मटेरियलचं. गाडी घेतल्यावर मी स्कीम काढली: महिन्याला डिझेल वाचवलं की बक्षीस. डिझेलमध्ये फारसा फरक दिसला नाही, पण ब्रेक लायनर मात्र लवकर बदलावे लागू लागले. एकदा मी स्वतः केबिनमध्ये बसून घाट उतरलो तेव्हा उलगडा झाला. पोरगा उतारावर गाडी न्यूट्रल मारत होता. खाली पोचेपर्यंत लायनरचा जळका वास येत होता. चूक त्याची कमी आणि माझ्या स्कीमची जास्त होती.

म्हणून मालकालाही गिअरचं गणित कळायला हवं. चला, क्रमाने बघू.

१. गाडी बंद असताना पॅटर्न पाठ करा

सहा गिअरची गाडी सोपी असते. नऊ गिअरच्या गाडीत मात्र एक क्रॉलर, मग १ ते ४ लो रेंज आणि ५ ते ८ हाय रेंज. काही गाड्यांत रेंज बदलायला लिव्हरच्या मुठीवर स्विच असतो, तर काहींत लिव्हर बाजूला ढकलावी लागते. मुठीवरचं चित्र बघा, क्लच दाबा आणि न बघता हात बसेपर्यंत सराव करा. वेगात असताना हायमधून लोमध्ये टाकलं की गिअरबॉक्सला मार बसतो.

२. उचल

हवेचं प्रेशर पूर्ण भरल्याशिवाय गाडी हलवायची नाही. लोड असेल तर पहिला किंवा क्रॉलर. रिकामी गाडी सपाट रस्त्यावर दुसऱ्यातही उठते. डिझेल इंजिनला कमी आरपीएमलाच भरपूर ताकद असते, त्यामुळे जोरात रेस देऊन क्लच सोडायची गरज नाही. सावकाश सोडा आणि गाडी हलली की पाय क्लचवरून पूर्ण काढा. कारसारखा अर्ध्या क्लचवर पाय ठेवून चालवणारा माणूस क्लच प्लेट जाळतो, आणि ते बिल आपल्याकडे येतं.

३. वरचा गिअर

समजा काटा १,५०० वर आहे. वरच्या गिअरमध्ये त्याच स्पीडला इंजिन साधारण १,१०० वर फिरायला हवं. म्हणजे क्लच दाबून लिव्हर न्यूट्रलमध्ये आली की काटा खाली यायला क्षणभर वेळ द्या आणि मग गिअर टाका. घाई केली की खर्रर्र आवाज! गिअर पडल्यावर काटा हिरव्या पट्ट्याच्या खाली गेला तर समजा, गिअर लवकर बदलला. चढावर गिअर बदलेपर्यंत गाडीचा वेग पडतो, म्हणून तिथे काटा थोडा जास्त चढू द्या. आकडे गाडीप्रमाणे बदलतात, तुमच्या मीटरवरचा हिरवा पट्टा हाच खरा गुरू.

४. खालचा गिअर

इथे उलटं गणित: इंजिनचे फेरे वाढवावे लागतात. जुने उस्ताद डबल क्लच मारतात. म्हणजे क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, थोडी रेस द्या, पुन्हा क्लच दाबा आणि खालचा गिअर टाका. आताच्या सिंक्रोमेश गिअरबॉक्समध्ये याची सक्ती नाही, पण ही सवय लागली की कान तयार होतो.

५. घाट: इथे चुकीला माफी नाही

लोणावळा ६०० मीटरच्या वर आहे आणि खोपोली १०० मीटरच्याही खाली. एवढ्या उतारावर भरलेल्या गाडीचं वजन एकतर इंजिन रोखणार, नाहीतर ब्रेक. नुसत्या ब्रेकवर उतरलात तर ड्रम तापतात, पकड कमी होते आणि सारखा ब्रेक मारून हवाही संपते.

नियम सोपा: जो घाट चढायला जो गिअर लागेल, त्याच गिअरमध्ये किंवा त्याच्याही खालच्या गिअरमध्ये उतरायचं. आणि तो गिअर उतार सुरू होण्याआधीच टाकायचा. का? एकदा गाडीने वेग धरला की खालचा गिअर पडत नाही. लिव्हर न्यूट्रलमध्ये अडकते आणि मग हातात काहीच राहत नाही. एक्झॉस्ट ब्रेकसुद्धा गाडी गिअरमध्ये असेल आणि क्लच सुटलेला असेल तरच गाडीला रोखतो.

आणि डिझेलचं म्हणाल, तर गिअरमध्ये उतरताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिन जवळजवळ डिझेल घेतच नाही. न्यूट्रलमध्ये मात्र ते चालू राहण्यासाठी डिझेल जळतंच. म्हणजे घाटात न्यूट्रल मारून बचत होत नाही, फक्त जीव धोक्यात जातो.

मालकाने काय करायचं?

- कायद्याने ट्रान्सपोर्ट गाडीसाठी वय २० पूर्ण हवं आणि शिकाऊ लायसन्सआधी हलक्या वाहनाचं लायसन्स किमान १ वर्षाचं हवं. "येते चालवायला" यावर चावी देऊ नका.
- आधी रिकामी गाडी, मग अर्धा लोड, मग पूर्ण लोड. घाट सगळ्यात शेवटी, आणि तोही शेजारी अनुभवी उस्ताद बसवून.
- दर महिन्याला डिझेलसोबत क्लच प्लेट आणि लायनर किती किलोमीटर चालले ते वहीत लिहा.
- बक्षीस द्या, पण ते तिन्ही आकडे एकत्र बघून.

मी स्कीम बदलली तेव्हा पोरगा म्हणाला, "दादा, आता घाटात घाई नको ना?" मी म्हटलं, "अर्धा तास उशीर झाला तर गिऱ्हाइकाला मी फोन करेन. तू गिअरमध्ये ये."

तुमच्या ड्रायव्हरला हे वाक्य आजच सांगा. आणि पुढच्या फेरीला एकदा तरी स्वतः केबिनमध्ये बसा.