गाणे लागते आणि आठवण उठून बसते

१४ एप्रिलच्या सकाळी वस्तीतल्या भोंग्यावर वामनदादा कर्डकांचे एखादे जुने गीत लागते आणि पताका बांधणारे आमचे हात थांबतात. ओल्या चुन्याचा वास येतो. आईची पांढरी साडी दिसते. ६ डिसेंबरला वडिलांनी शिवाजी पार्कवरून आणलेली कॅसेट आणि ती पेन्सिल घालून गुंडाळणारा मोठा भाऊ दिसतो. यातले काहीच आम्ही ठरवून आठवलेले नसते. असे का होते?

गाणे ऐकताना मेंदूचा फक्त ऐकण्याचा भाग काम करत नाही. भावना जागवणारे आणि आठवणी जपणारे भागही सोबत जागे होतात. कॅलिफोर्नियातील संशोधक पीटर जनाटा यांनी तरुणांना त्यांच्या लहानपणीची लोकप्रिय गाणी ऐकवून मेंदूचे स्कॅन काढले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसले की, गाण्याने स्वतःच्या आयुष्यातली आठवण जागी झाली की कपाळामागचा एक भाग विशेष सक्रिय होतो. सूर, भावना आणि प्रसंग यांची गाठ तिथे पडते, असे त्यांचे म्हणणे आहे.

दुसरी गोष्ट वयाची. माणसाला साधारण दहाव्या ते तिसाव्या वर्षांमधल्या आठवणी सर्वांत जास्त राहतात. पहिली नोकरी, लग्न, पहिला मोर्चा याच काळातला. म्हणून त्या वयात ऐकलेले गाणे मनात खोल रुतते.

हे आपल्या समाजाला लावून पाहा. १४ ऑक्टोबर १९५६ ला पंधरा वर्षांची असलेली मुलगी आज ऐंशीच्या पुढे आहे. १९७८ साली नामांतरासाठी रस्त्यावर उतरलेला विशीतला तरुण आज सत्तरीच्या आसपास आहे. दीक्षाभूमीकडे कोण चालत गेले, घरातले देव्हारे कधी काढले, नामांतराच्या काळात कोणाचे घर जळाले, कोणी कोणाला लपवले, यातले फार थोडे कागदावर आले. बाकीचे या माणसांच्या डोक्यात आहे. त्यांना समोर बसवून "सांगा, तेव्हा काय झालं?" असे विचारले तर "काय सांगायचं बाबा, लई झालं" एवढेच उत्तर मिळते. तेच त्या काळचे गाणे लावा. गाणे संपण्याआधी आजी बोलू लागते.

आपली गाणी मुळात याच कामाची आहेत. १९३० च्या दशकापासून भीमराव कर्डकांसारख्यांच्या जलशांनी, पुढे वामनदादांनी आणि गावोगावच्या गायन पार्ट्यांनी, ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यापर्यंत बाबासाहेबांचा विचार गाण्यातून पोहोचवला. त्याआधीचे पाहायचे तर बुद्धवचनही शतकानुशतके पाठांतरावरच टिकले. राजगृहाच्या पहिल्या सभेत आनंदांनी धम्म आणि उपालींनी विनय मुखोद्गत सांगितला. त्या सभेला 'संगीती' म्हणतात. संगीती म्हणजे एकत्र म्हणणे.

मग आजच्या तरुणांचे काय? २०१३ साली अमेरिकेत क्रुमहान्सल आणि झुपनिक या संशोधकांनी वीस वर्षांच्या आसपासच्या मुलांना वेगवेगळ्या दशकांतली गाणी ऐकवली. स्वतःच्या काळातल्या गाण्यांसोबत आई-वडिलांच्या तरुणपणीच्या गाण्यांनीही त्यांच्या आठवणी जाग्या केल्या. कारण ती गाणी लहानपणी घरात वाजत होती. म्हणजे घरात जे वाजते तेच पुढच्या पिढीच्या आठवणीत उतरते. जे वाजतच नाही, त्याची आठवण राहणार कुठून?

एक सावधगिरी मात्र हवी. आठवण म्हणजे रेकॉर्डिंग नव्हे. गाण्याने भावना खरी जागी होते, पण साल, नाव, ठिकाण यांत गल्लत होऊ शकते. एका प्रसंगात दुसरा मिसळतो. म्हणून सांगणाऱ्याला अर्ध्यात टोकू नका. ऐकून घ्या, मग दुसऱ्या दोघांना विचारा आणि जुन्या वर्तमानपत्रांशी ताडून पाहा. आपला इतिहास नाकारायला टपलेले लोक कमी नाहीत, त्यांच्या हाती चुकीची तारीख देऊ नका.

या जयंतीला मंडळाच्या कार्यकर्त्यांनी एवढे करावे. वस्तीतल्या सत्तरीपुढच्या पाच जणांची यादी करा. डीजे लागण्याआधी, सकाळी शांत वेळ पाहून त्यांच्या घरी जा. त्यांच्या तरुणपणीचे एक गाणे लावा, त्यांची परवानगी घेऊन मोबाईलवर रेकॉर्डिंग सुरू करा आणि गप्प बसा. शेवटी नाव, गाव, वय आणि तारीख बोलून घ्या. त्याची एक प्रत विहारात ठेवा.

आमच्या वडिलांची कॅसेट अजून घरात आहे. ती आणताना त्यांना काय वाटले होते, हे विचारायचे मात्र आमच्याकडून राहून गेले. तुमच्याकडे अजून वेळ आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!