फोल्डरचा उंबरठा

संगणकाशी माझं नातं कवितेपुरतं. आमचा एक कविमित्र गेला, तेव्हा त्याच्या वह्यांची पानं स्कॅन करून आम्ही वेबसाइटवर ठेवली. पुढे सर्व्हर बदलला आणि पानं उघडेनात. पडद्यावर ‘४०३ फॉरबिडन’. म्हणजे मनाई! होस्टिंगवाल्याला फोन केला. सल्ला मिळाला, ‘फोल्डरला ७७७ द्या.’ दिलं. पानं उघडली, मी खूश. आठवडाभरात कवितांखाली औषधांच्या जाहिराती झळकू लागल्या आणि काही पानं नाहीशी झाली.

भाचा म्हणाला, ‘मामू, तुम्ही दार काढूनच ठेवलंत की!’

त्यानं समजावलं ते असं. बहुतेक सर्व्हर लिनक्सवर चालतात आणि ही आकड्यांची रीत जुन्या युनिक्सपासूनची. वाचायचे ४, लिहायचे २, चालवायचा १. त्यांची बेरीज करायची. पहिला आकडा मालकाचा, दुसरा त्याच्या गटाचा, तिसरा त्या यंत्रावरच्या इतर सगळ्यांचा. ७ म्हणजे सगळी मुभा. फोल्डरमध्ये लिहिण्याची मुभा म्हणजे आतलं पुसून टाकण्याचीही! त्याच सर्व्हरवर शेजारी कितीतरी भाडेकरू असतात, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

मला मौज वाटली ती त्या १ ची. फाइलीला तो प्रोग्रॅम म्हणून चालवतो. फोल्डरला मात्र तो उंबरठा ओलांडण्याचा परवाना. फोल्डरला नुसते ४ दिले तर आतल्या नावांची यादी दिसते, वस्तू हाती लागत नाही. वाचनालयाची यादी बाहेर लावलेली आणि दाराला कुलूप, तसं. आमच्या फोल्डरला ७०० होतं. पानं दाखवणारा सर्व्हरचा प्रोग्रॅम वेगळ्याच नावानं वावरतो, त्यामुळे तो उंबरठ्याबाहेरच.

उपाय साधा होता. फोल्डरना ७५५, फाइलींना ६४४. पासवर्डाच्या फाइलीला त्याहून कडक. काही चित्रांचा आकडा मात्र मला बदलताच येईना, कारण ती सर्व्हरच्या नावावर चढली होती. तिथे मालकच बदलावा लागतो आणि ते काम सर्व्हर सांभाळणाऱ्याचं. पुन्हा फोन केला. या वेळी ७७७ ऐकून घेतलं नाही.

आकडे सुधारले म्हणून आत शिरलेली फाइल निघून जात नाही. ती शोधून काढली, पासवर्ड बदलले, घरच्या प्रतींवरून पानं पुन्हा चढवली. दोन पानं घरीही नव्हती. वहिनींकडे मूळ वही मागायला जायचं आहे. अजून गेलो नाही.