नेमका डोस, भाग 7 : शेवटच्या नोझलची नीळ

कॅलिब्रेशनचं वचन दिलं होतं, ते आता पुढच्या आठवड्यात पाळीन. मध्येच पादऱ्याहून एका वाचकांचं पत्र आलं, आणि ते बाजूला ठेवून पुढे जाववेना. ते लिहितात, "माझ्या केळीच्या ठिबकावर व्हेंच्युरी आहे. खत बिनतक्रार ओढते. तीच ट्रॅक्टरच्या फवारणी यंत्रावर बसवली, तर पंप आणि कंट्रोलरचा खर्च कशाला?"

प्रश्न अगदी रास्त आहे. नळी मध्येच अरुंद केली की तिथे पाण्याचा वेग वाढतो आणि दाब घटतो, हे इटलीच्या जिओव्हानी बात्तिस्ता व्हेंच्युरीने 1797 मध्ये मांडलं. दाब पुरेसा घटला की शेजारच्या बादलीतलं द्रावण आपोआप आत ओढलं जातं. वीज लागत नाही, हलणारा एकही भाग नाही. ठिबकाला याहून चांगलं साधन मला माहीत नाही. पण ठिबकाची गरज काय असते? तासा-दीड तासात बादलीभर खत जावं. पहिल्या दहा मिनिटांत जास्त गेलं आणि नंतर कमी, तरी केळीला फरक पडत नाही. झाड जागच्या जागी आहे आणि पाणीही त्याच झाडाला मिळत राहतं.

फवारणीत पायाखालची जमीनच पळत असते. ताशी 5 किलोमीटरने चाललेला ट्रॅक्टर सेकंदाला 1.4 मीटर जातो. त्या सेकंदात जे औषध पडलं नाही, ते त्या झाडांना परत मिळत नाही. सहा मीटरचा बूम घ्या, 50 सेंटिमीटरवर एक असे 12 नोझल, प्रत्येकातून मिनिटाला 0.6 लिटर. म्हणजे हेक्टरी 144 लिटर पाणी. औषध हेक्टरी 1 लिटर द्यायचं असेल, तर वेगळ्या डब्यातलं औषध थेट पाण्याच्या लाइनीत सोडणाऱ्या इंजेक्शन पंपाने मिनिटाला 50 मिलिलिटर ढकललं पाहिजे. चिखलात ट्रॅक्टर अडीच किलोमीटरवर आला की लगेच 25. व्हेंच्युरीला चाकाचा वेग कळत नाही, तिला फक्त दाब कळतो. म्हणून वेगाचा सेन्सर, कंट्रोलर आणि त्याच्या हुकमाने फिरणारा पंप. हा खर्च टाळता येत नाही.

मग पंप कोणता? आपल्या वडोदऱ्यात डोसिंग पंपांना तोटा नाही. नंदेसरीच्या कारखान्यांत माझी उमेदीची वर्षं त्यांच्याच सोबतीत गेली. पण तिथला साधा डायफ्रॅम पंप ठोके देत चालतो. मिनिटाला 60 ठोके धरले, तर शेतात दर 1.4 मीटरला एक ठोका पडतो. पिकावर पट्टे उमटू नयेत म्हणून पुढे मिक्सिंग चेंबर हवा, किंवा मग जास्त रोलरचा पेरिस्टाल्टिक पंप.

आता माझ्या खऱ्या आवडीच्या गोष्टीकडे येतो. उत्तम पंप लावूनही जोडणी कशी फसते, ते मी डभोईकडच्या एका कपाशीच्या शेतात पाहिलं. इंजेक्शनची जागा बरोबर होती, मुख्य पंपाच्या पुढे. पाणी-औषध उलटं जाऊ न देणारे दोन्ही नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह जागेवर होते. तरी ट्रॅक्टरच्या प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला बूमच्या टोकांखालच्या ओळींत मावा तसाच राहायचा. मालकांचा संशय औषधावर होता.

औषधाच्या डब्यात आम्ही कपड्यांची नीळ ओतली. तिला इकडे गळी म्हणतात, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. बूमखाली जुनं पांढरं धोतर फाडून लांब अंथरलं. ट्रॅक्टर उभा होता म्हणून कंट्रोलरमध्ये 5 किलोमीटरचा चाचणी-वेग भरला आणि घड्याळ हातात घेतलं. मधल्या नोझलखाली धोतर सहाव्या सेकंदाला निळं झालं. मग शेजारच्या नोझलखालचं रंगलं, मग पुढच्याखालचं. नंतर रंग रेंगाळत गेला. शेवटच्या नोझलखाली नीळ उमटली तेव्हा 38 सेकंद झाले होते. ड्रायव्हरकाका म्हणाले, "म्हणजे तोवर टोकाला नुसतं पाणीच पडतंय!"

कारण साधं आहे. बूमच्या अर्ध्या भागात मध्याशी सहा नोझलांचं पाणी धावतं, पण प्रत्येक नोझलपाशी थोडं बाहेर पडतं. शेवटच्या अर्ध्या मीटरात एकाच नोझलचं पाणी उरतं. पाइपचा आतला व्यास 19 मिलिमीटर, म्हणजे अर्ध्या मीटरात 142 मिलिलिटर पाणी. मिनिटाला 0.6 लिटरने ते सरकायला 14 सेकंद लागतात. पहिल्या आणि शेवटच्या नोझलमध्ये 32 सेकंदांचं अंतर पडतं, आणि तेवढ्यात ट्रॅक्टर 44 मीटर पुढे गेलेला असतो. शेतात मधोमध औषध आणि दोन्ही कडांना कोरे त्रिकोण.

उपाय महाग नव्हता. बूमचा पाइप 12 मिलिमीटरचा केला आणि अंतर 13 सेकंदांवर आलं. इतक्या कमी प्रवाहाला तो व्यास पुरतो, टोकाचा दाब फारसा पडत नाही. नव्या फेरीला लागण्यापूर्वी बूम औषधाने भरून घ्यायचा, आणि फेरी संपायच्या आधी इंजेक्शन बंद करून उरलेलं औषध पिकावरच संपवायचं, हेही ड्रायव्हरकाकांनी अंगवळणी पाडलं.

एवढा खटाटोप करावा का, असं काहीजण विचारतात. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. पाठीवरचा पंप घेऊन डोक्याएवढ्या वाढलेल्या पिकात शिरणाऱ्या मजुराला ही इंजेक्शन प्रणाली वाचवू शकत नाही, हे मला मान्य आहे. पण ट्रॅक्टरच्या यंत्रावर मोठ्या टाकीत कायम स्वच्छ पाणीच राहतं. बादलीत काठीने औषध ढवळणं थांबतं आणि उरलेलं शेकडो लिटर मिश्रण ओढ्यात ओतण्याची वेळ येत नाही. मला तेवढ्यासाठीही हा खटाटोप करावासा वाटतो.

पुढच्या अंकापर्यंत एक काम करा. आपल्या बूमच्या पाइपचा आतला व्यास मोजा, नीळ सोडा, आणि पहिल्या व शेवटच्या नोझलचे सेकंद लिहून पाठवा. त्याच आकड्यांवर कॅलिब्रेशन शिकू. चाचणीच्या वेळी औषधाचा डबा धुतलेला असावा आणि त्यात फक्त नीळच असावी.