वाईचे वाडे

वाईस जाणारा यात्रेकरू ढोल्या गणपतीचें दर्शन घेतो, घाटावर घटकाभर टेकतो आणि परततो. घाटामागचें जुनें गांव त्याच्या पाठीशींच राहतें. आम्हीही पूर्वीं वाई अशीच पाहिली होती. या खेपेस मात्र दोन दिवस केवळ आळ्यांतून हिंडलों.

गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, ब्राह्मणशाही, धर्मपुरी अशा आळ्या कृष्णेच्या काठानें वसल्या आहेत. आळीला घाट आणि घाटाला देऊळ, असा हा संसार. कृष्णाबाईचा उत्सवदेखील घाटोघाटीं पाळीपाळीनें होतो. या वैभवाला द्रव्य पुरविलें तें मुख्यतः रास्त्यांनीं; नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई याच घराण्यांतल्या. काशीविश्वेश्वराचें देऊळ आनंदराव भिकाजी रास्ते यांनीं १७५७ सालीं बांधलें, गणपतीचें गणपतराव भिकाजींनीं १७६२ सालीं. गणपतीस प्रदक्षिणा घालतांना देवळाची मागची भिंत अवश्य पाहावी. पुराचा लोट तीवर फुटून दोहों बाजूंस वळावा म्हणून ती नावेच्या नाळेसारखी निमुळती केली आहे.

देवळें दगडाचीं म्हणून टिकलीं. वाड्यांचें तसें नाहीं. त्यांचें जोतें काळ्या दगडाचें, परंतु वर विटा, माती आणि सागवानी खांब-तुळया. रस्त्याकडे जाड भिंत, खिडक्या थोड्या. मोठ्या दाराला दिंडी, आंत देवडी, आणि मग एकदम उजेड! तो चौकाचा. ओसरी, माजघर, स्वयंपाकघर, सर्वांना वारा आणि प्रकाश तेथूनच मिळतो. पागोळ्याही तेथेंच पडतात. जवळच मेणवलीस नाना फडणिसांचा वाडा आहे, तेथें एकामागून एक सहा चौक ओलांडतांना ही योजना नीट उमगते. (२००४ सालच्या 'स्वदेस' चित्रपटामुळें आमच्या मुलांस मेणवलीचा घाट आमच्याआधींच ठाऊक होता!)

वाडे पडतात त्याचा दोष आपण पावसाला देतों. तो अर्धाच खरा. गळकें कौल वेळीं फिरविलें, तुळईचें टोंक कोरडें राहिलें, तर लांकूड पिढ्यान्‌पिढ्या टिकतें. उलट मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला कीं आंतली ओल आंतच कोंडते आणि भिंत पोखरते. त्याहून मोठा घात होतो तो वांटणीच्या दिवशीं. खोल्या वांटतां येतात, चौक वांटतां येत नाहीं. भाऊ वेगळे झाले, चुली वेगळ्या झाल्या, यांत आम्हांस कांहीं गैर वाटत नाहीं. परंतु देवडी, चौक आणि आड हीं सामाइक ठेवण्याचें कलम वांटणीपत्रांत घालण्यास फारसे श्रम पडत नाहींत. तें राहून जातें, आणि पुढें दहा-बारा वारसांच्या सह्यांवांचून एक कौलही बदलतां येत नाहीं. मग इमारती बांधून विकणारा गृहस्थ दारांत येतो, आणि त्याला नाहीं म्हणण्याचें बळ कोणाच्या अंगीं उरलेलें नसतें.

अशा एका वाड्यांत आम्ही गेलों. चौकाच्या मधोमध विटांची भिंत उभी होती. तिच्या अलीकडच्या माजघरांत भर दुपारीं दिवा लावलेला. घरच्या वृद्ध बाईंनीं आम्हांस पाट दिला, पाणी दिलें. वृंदावन दिसेना म्हणून आम्हीं विचारलें, तेव्हां त्यांनीं भिंतीकडे हात केला.

"तुळस तिकडे गेली," त्या म्हणाल्या.