एका खेळाडूवर किती पैसे लावायचे?

शिरूरच्या घाटात बैलगाडा पळवणाऱ्याला हिशेब ठाऊक असतो: सगळे पैसे एकाच बैलात घातले, तर बाकीचे त्याच्या तोडीचे कुठून आणायचे? शिरूर-दौंडच्या कबड्डीवेड्यांचा प्रो कबड्डीतल्या पुणेरी पलटण संघावरून होणारा वाद नेमका हाच.

प्रो कबड्डीत संघाला खेळाडूंवर मनाला येईल तेवढा खर्च करता येत नाही. 2023च्या लिलावात प्रत्येक संघाची मर्यादा 5 कोटी रुपये होती. जुने खेळाडू राखले, तर त्यांचे मानधनही त्यातूनच जाते. उरलेल्या पैशांत बोली लावायची. तेव्हा ‘अ’ गटातल्या खेळाडूची मूळ किंमत 30 लाख होती, ‘ड’ गटातल्याची 9 लाख. सोडलेला खेळाडू दुसऱ्याने घेतला, तर शेवटच्या बोलीइतके पैसे मोजून जुना संघ त्याला परत घेऊ शकतो. मात्र ही संधी मोजक्याच वेळा मिळते.

त्या लिलावात पलटणने इराणच्या मोहम्मदरेझा शादलूईवर 2.35 कोटी, म्हणजे जवळपास निम्मी थैली रिकामी केली. अस्लम इनामदारसारखे खेळाडू आधीच हाताशी असल्याने ते परवडले. 1 मार्च 2024 रोजी हरियाणा स्टीलर्सला 28-25 असे हरवून पलटणने पहिले विजेतेपद मिळवले.

पुढच्या लिलावाआधी पलटणने सोडलेला शादलूई 2.07 कोटींना हरियाणाकडे गेला आणि त्या हंगामात हरियाणा विजेता ठरला, तोही पुण्यातल्या बालेवाडीत! मग त्याला सोडणे चूक होती का? पारावरचा वाद तिथूनच सुरू होतो.