कालव्यावरच्या घराला सूर्याची वीज

इंग्लंडमधील बहुतेक कालवे अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांच्या संधिकाळात मालवाहतुकीसाठी खोदले गेले. पुढे रेल्वे आली आणि त्यांचे महत्त्व ओसरले. आज याच कालव्यांवर हजारो लोक बोटीलाच घर मानून बारमाही राहतात. ‘नॅरोबोट’ या नावाने ओळखली जाणारी ही बोट जेमतेम २.१ मीटर रुंद असते. ज्यांच्याकडे हक्काचा धक्का नाही, त्यांना एका ठिकाणी साधारणपणे १४ दिवसांहून अधिक काळ थांबता येत नाही. साहजिकच किनाऱ्यावरील विजेची जोडणी त्यांच्या वाट्याला येत नाही. दिवे, फ्रीज, पाण्याचा पंप असे सारे काही १२ व्होल्टच्या बॅटऱ्यांवर चालते.

बोट चालू असताना इंजिनाला जोडलेला अल्टरनेटर या बॅटऱ्या चार्ज करतो. बोट थांबली की मात्र केवळ विजेसाठी इंजिन चालवावे लागते. त्यात डिझेल जळते आणि शेजाऱ्यांना आवाजाचा त्रास होतो. रात्री ८ ते सकाळी ८ या वेळेत वस्तीजवळ इंजिन बंद ठेवण्याची तेथे अपेक्षा असते. म्हणूनच बोटींच्या छतांवर सौर पॅनेल सर्रास दिसू लागली आहेत. तथापि, पॅनेल बसविले म्हणजे प्रश्न सुटला, हा समज महागात पडतो.

हिशेब खर्चापासून

पॅनेल किती वॅटचे घ्यावे, हा नंतरचा प्रश्न. दिवसाकाठी वीज किती लागते, हे आधी ठरवावे लागते. लहान फ्रीजला सुमारे ५०० वॅट-तास लागतात. एलईडी दिवे, पंप, मोबाइल आणि लॅपटॉप धरले, तर काटकसरीच्या घराचा खर्चही १,००० वॅट-तासांपर्यंत जातो. १२ व्होल्टच्या भाषेत हे सुमारे ८० अँपिअर-तास झाले.

आता जमेची बाजू पाहू. दक्षिण इंग्लंडमध्ये छतावर आडवी बसविलेली एकूण ४०० वॅटची पॅनेल जून महिन्यात दिवसाला सरासरी दीड हजार वॅट-तासांच्या आसपास वीज देतात. खर्च भागून वर शिल्लक उरते. डिसेंबरात तीच पॅनेल दोनशे वॅट-तासही मोठ्या मुश्किलीने देतात. लंडनला जूनमध्ये मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ६२ अंश वर असतो, तर डिसेंबरात केवळ १५ अंश. त्या वेळी दिवस आठ तासांपेक्षा कमी आणि आकाशही बहुधा ढगाळ. पॅनेल तिरपे उभे केल्यास थोडा लाभ होतो. पण बुटक्या पुलांखालून आणि बोगद्यांतून जाताना ते आडवे करावेच लागते.

बॅटरी का मरते?

हिवाळ्यातील ही तूट बॅटरीच्या जिवावर बेतते. शिसे-आम्ल बॅटरीतील निम्मीच वीज वापरावी, असा दंडक आहे. ४०० अँपिअर-तासांच्या संचातून २०० अँपिअर-तासच वापरायचे, म्हणजे अडीच दिवसांची बेगमी. त्याहून मोठा धोका अर्धवट चार्जिंगचा. बॅटरी दीर्घकाळ पूर्ण भरली नाही, तर तिच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक साचतात आणि क्षमता कायमची घटते. अनेक महाग संच पहिल्याच हिवाळ्यात निकामी होतात, ते याच कारणाने.

यात अडचण अशी, की शिसे-आम्ल बॅटरी शेवटचा पाचवा हिस्सा अत्यंत सावकाश स्वीकारते. इंजिन कितीही जोरात चालविले, तरी त्यासाठी काही तास लागतातच. येथेच पॅनेलचा खरा उपयोग होतो. सकाळी बॅटरी रिकामी असताना तास-दोन तास इंजिन चालवावे आणि पुढचे संथ काम दिवसभराच्या उन्हावर सोडावे. संध्याकाळी इंजिन चालविल्यास हा मेळ साधत नाही. ऐन डिसेंबरात मात्र उन्हाची ही मदतही अपुरी पडते. तेव्हा अधूनमधून बोट दिवसभर चालवून किंवा किनाऱ्यावरील वीज मिळवून बॅटरी पूर्ण भरून घ्यावी लागते.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीला दर वेळी पूर्ण भरण्याची गरज नसते आणि तिची बहुतांश वीज वापरता येते. मात्र शून्य अंशाखालील तापमानात ती चार्ज करू नये. शिवाय ती इतका प्रवाह ओढते, की साधा अल्टरनेटर तापून जळू शकतो.

कंट्रोलर आणि सावली

पॅनेल आणि बॅटरी यांच्यामध्ये चार्ज कंट्रोलर हवाच. साधा ‘पीडब्ल्यूएम’ कंट्रोलर पॅनेलचा व्होल्टेज बॅटरीच्या पातळीवर खाली ओढतो. त्यामुळे १०० वॅटच्या पॅनेलमधून प्रत्यक्षात ७० वॅटच्या आसपासच हाती लागतात. ‘एमपीपीटी’ कंट्रोलर जादा व्होल्टेजचे रूपांतर जादा प्रवाहात करतो. जोडणी करताना आधी बॅटरी आणि मगच पॅनेल कंट्रोलरला जोडावे. बॅटरीलगत फ्यूज असावा आणि तारा पुरेशा जाड असाव्यात.

पॅनेलमधील सेल एकामागोमाग एक जोडलेले असल्याने शेगडीच्या धुराड्याची किंवा एखाद्या फांदीची सावलीही उत्पादनाचा मोठा हिस्सा गिळते. त्यामुळे मुक्कामाची जागा निवडताना झाडांपासून दूर राहणे, हादेखील वीजनिर्मितीचाच भाग ठरतो.

गोव्यात डिसेंबरातही मध्यान्हीचा सूर्य सुमारे ५१ अंशांवर असतो, त्यामुळे इंग्लंडचा हिवाळा येथे येत नाही. पावसाळा मात्र येतो. कुळागरातील खोपीवर किंवा मच्छीमार होडीवर पॅनेल बसविणाऱ्याने आपला हिशेब एप्रिलच्या उन्हावर नव्हे, तर जुलैच्या ढगांवर मांडावा. बॅटरीचे आयुष्य वर्षातील सर्वांत वाईट महिनाच ठरवीत असतो.