अध्यापक-शिक्षणाचा ग्रंथसंग्रह : मराठीच्या विद्यार्थ्यासाठी एक ओळख

प्रस्तावना

मराठी विषय घेऊन पदवी मिळवणारे अनेकजण पुढे शिक्षकी पेशाकडे वळतात. तुमच्यापैकी काहीजण आजही एखाद्या शाळेत, बालवाडीत किंवा घरच्या शिकवणीत मुलांना शिकवत असतील. तरीही विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेल्यावर मराठीचा विद्यार्थी सहसा कादंबरी, कविता आणि समीक्षा यांच्या मांडण्यांपाशीच थांबतो. शिक्षणशास्त्राचा विभाग बी.एड., एम.एड. करणाऱ्यांचा, आपला नव्हे, अशी त्याची समजूत असते. ही समजूत सोडावी असे मला वाटते. मराठी भाषा शाळेत कशी पोचते आणि तिथे तिचे काय होते, याचा सर्वाधिक लेखी पुरावा याच विभागात साठलेला असतो. प्रस्तुत लेखात त्या संग्रहाची ओळख करून घेऊ.

१. पुस्तके कोठे असतात?

आपल्याकडील बहुतेक विद्यापीठ-ग्रंथालयांत ड्यूई यांची दशांश वर्गीकरण पद्धती वापरली जाते. मराठी साहित्याचा वर्गांक ८९१.४६ आणि मराठी भाषेचा ४९१.४६ हे तुमच्या परिचयाचे असतील. शिक्षणाचा वर्गांक ३७० आहे. ३७१ मध्ये शाळा आणि अध्यापनपद्धती, ३७२ मध्ये प्राथमिक शिक्षण, ३७३ मध्ये माध्यमिक शिक्षण आणि ३७४ मध्ये प्रौढशिक्षण येते. अध्यापकांच्या प्रशिक्षणाची पुस्तके ३७०.७ च्या आसपास सापडतात.

अडचण अशी की मराठीच्या अध्यापनाविषयीचे साहित्य एका जागी नसते. प्राथमिक वर्गातील वाचन-लेखनाचे पुस्तक ३७२.६ खाली, भाषाध्यापनाच्या सामान्य तत्त्वांचे ४०७ खाली, तर एखाद्या व्याकरणकाराचे शाळेसाठी लिहिलेले पुस्तक ४९१.४६ मध्ये. एका प्रश्नासाठी तीन मांडण्या पालथ्या घालाव्या लागतात, आणि त्या अनेकदा वेगवेगळ्या मजल्यांवर असतात. म्हणून आधी संगणकावरील तालिकेत विषयशब्दांनी शोध घ्यावा. ‘मराठी अध्यापन’, ‘मातृभाषा अध्यापन’, ‘आशययुक्त अध्यापन’, ‘शुद्धलेखन’ असे पर्यायी शब्द वापरून पाहावेत. मराठी पुस्तकांच्या नोंदी काही ठिकाणी देवनागरीत, तर काही ठिकाणी रोमन लिपीत केलेल्या असतात. एका लिपीत पुस्तक मिळाले नाही, तर दुसरीत शोधल्याशिवाय ते ग्रंथालयात नाही असे ठरवू नये.

२. जुनी पाठ्यपुस्तके

या संग्रहातील सर्वांत दुर्लक्षित आणि भाषाभ्यासकाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा भाग म्हणजे शालेय पाठ्यपुस्तके. महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती मंडळाची, म्हणजेच बालभारतीची, स्थापना २७ जानेवारी १९६७ रोजी पुण्यात झाली. त्याआधी खाजगी प्रकाशकांची क्रमिक पुस्तकेही शाळांत चालत. अध्यापक-शिक्षणाच्या ग्रंथालयात पाठ्यपुस्तके ठेवली जातात, कारण प्रशिक्षणार्थ्याला पाठ-टाचण काढण्यासाठी ती लागतात. अभ्यासक्रम बदलला की मात्र त्यांची गरज संपली असे मानले जाते आणि जुन्या प्रती रद्दीत जातात. कादंबरीची जीर्ण प्रत काढून टाकताना ग्रंथपाल दहा वेळा विचार करतो. चौथीच्या जुन्या पुस्तकाच्या वाट्याला ते भाग्य क्वचितच येते.

यात काय हरवते ते एका उदाहरणाने पाहू. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले शुद्धलेखनाचे नियम शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले. तोपर्यंत ‘मुलें’, ‘केलें’, ‘नाहीं’, ‘घरीं’ असे अनुच्चारित अनुस्वार देऊन लिहिण्याची रीत होती. नियमाची तारीख कोणत्याही संदर्भग्रंथात मिळते, पण तो नियम प्रत्यक्ष मुलाच्या हाती केव्हा आणि कसा पोचला हे कळण्यासाठी त्या काळातील पाठ्यपुस्तके एकापुढे एक ठेवून वाचावी लागतात. व्याकरणग्रंथ भाषा कशी असावी ते सांगतो, तर पाठ्यपुस्तक समाजाने कोणती भाषा मुलांच्या तोंडी घालायचे ठरवले ते दाखवते. धड्यातली आई काय काम करते, शेतकरी कोणत्या बोलीत बोलतो, की प्रमाणभाषेतच बोलतो, हेही त्यातून दिसते.

३. एक प्रश्न, अनेक मांडण्या

आता एक खरा वाद घेऊ. २०१९ मध्ये इयत्ता दुसरीच्या गणिताच्या नव्या पाठ्यपुस्तकात ‘एकवीस’ या नेहमीच्या वाचनाबरोबरच ‘वीस एक’ अशी संख्यावाचनाची पद्धत देण्यात आली. त्यावरून वृत्तपत्रांत आणि विधिमंडळातही मोठी चर्चा झाली. भाषा मोडीत निघाल्याचा आरोप एका बाजूने झाला, तर मुलांचे ओझे हलके झाल्याचे दुसऱ्या बाजूने सांगण्यात आले. तुम्ही शिक्षक असाल, तर उद्या वर्गात काय म्हणायचे हे तुम्हाला ठरवावे लागेल. ग्रंथालय अशा वेळी कसे उपयोगी पडते?

पहिल्यांदा ४९१.४६ कडे जावे. मराठी संख्यानामांत एकक आधी व दशक नंतर येतो: ‘पंचवीस’ म्हणजे पाच आणि वीस. लिहिताना मात्र दशकाचा अंक आधी येतो. त्यामुळे ‘त्रेपन्न’ ऐकून ३५ लिहिणारे मूल निष्काळजी नसते. ऐकू आलेल्या क्रमानेच ते लिहीत असते. शिवाय ही नामे एकसारखी नाहीत. ‘दोन’साठी बावीसमध्ये ‘बा’, बत्तीसमध्ये ‘ब’, बेचाळीसमध्ये ‘बे’ आणि ब्याण्णवमध्ये ‘ब्या’ येते. ‘पन्नास’चे एकावन्नमध्ये ‘वन्न’ होते, पण त्रेपन्नमध्ये ‘पन्न’. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत ‘एक उणा’ ही रीत चालते आणि नव्व्याण्णवला ती अचानक सुटते. संस्कृत-प्राकृतातून आलेल्या या रूपांचा इतिहास आम्हा भाषाशास्त्रज्ञांना रमवतो, परंतु सात वर्षांच्या मुलाला शंभरपर्यंतची बहुतेक नावे स्वतंत्रपणे पाठ करावी लागतात.

त्यानंतर तौलनिक भाषाशास्त्राची पुस्तके पाहावीत. कन्नड आणि तेलुगू या शेजारच्या भाषांत दशक आधी येतो. कन्नडमध्ये पंचवीसला ‘इप्पत्तैदु’, म्हणजे ‘वीस-पाच’ म्हणतात. सोलापूरच्या एखाद्या शाळेत घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारी मुले असतील, तर त्यांच्या दृष्टीने ‘वीस पाच’ हा क्रम परका नाही. मग ३७२.७ मधील प्राथमिक गणिताच्या अध्यापनाची पुस्तके, दुसरीचे ते पाठ्यपुस्तक आणि त्याआधीची आवृत्ती समोर ठेवावी. एवढे वाचल्यावर तुमच्या लक्षात येईल की वाद ‘भाषा की गणित’ असा नाहीच. स्थानिक किंमत समजावून देण्यासाठी ‘वीस एक’ ही पायरी म्हणून वापरता येते, आणि बाजारात, बसमध्ये, घरात चालणारे ‘एकवीस’ मुलाला यावेच लागते. माझे मत या बाजूचे आहे. तुमचे वेगळे असू शकेल, पण ते पुस्तके उघडून बनलेले असावे.

४. लघुशोधप्रबंध आणि संशोधनाची साधने

एम.एड.चे लघुशोधप्रबंध बहुधा एखाद्या कोपऱ्यात, काळ्या किंवा लाल बांधणीत रचलेले असतात. पैकी अनेक मराठीत असतात. ‘अमुक तालुक्यातील पाचवीच्या विद्यार्थ्यांच्या लेखनातील चुकांचा अभ्यास’ अशा धर्तीची शीर्षके वाचून कंटाळू नका. त्यांतील सांख्यिकी कधीकधी साचेबद्ध असते आणि निष्कर्ष अपेक्षितच असतात, हे खरे. पण परिशिष्टे पाहा. तिथे मुलांनी लिहिलेली वाक्ये, चाचण्या, शिक्षकांच्या मुलाखतींचे प्रश्न जसेच्या तसे असतात. अहिराणी, वऱ्हाडी किंवा मालवणी घरातून आलेले मूल प्रमाण मराठी लिहिताना नेमके कोठे अडखळते, याचा असा प्रत्यक्ष पुरावा छापील ग्रंथांत फारसा मिळत नाही.

पीएच.डी.चे प्रबंध ‘शोधगंगा’ या संगणकीय भांडारात घरबसल्या विनामूल्य वाचता येतात. गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्र ते चालवते. जुन्या संशोधनाचा मागोवा घ्यायचा असेल, तर एम. बी. बुच यांनी संपादित केलेले भारतीय शैक्षणिक संशोधनाचे सर्वेक्षण मागावे. बडोद्याच्या केंद्रातून त्याचा पहिला खंड १९७४ मध्ये निघाला. तो इंग्रजीत आहे, पण नोंदी आटोपशीर असल्यामुळे वाचणे अवघड जात नाही. नियतकालिकांत मराठी अभ्यास परिषदेचे ‘भाषा आणि जीवन’ अवश्य चाळावे.

५. दूरशिक्षणाचा विद्यार्थी आणि ग्रंथालयसेवा

नोकरी, शेती किंवा संसार सांभाळून शिकणाऱ्याला ग्रंथालयाची वेळ हीच पहिली अडचण असते. त्यात आपण या विद्यापीठाचे नियमित विद्यार्थी नाही, या संकोचाची भर पडते. पुस्तके घरी नेण्याची सवलत सर्वांना नसते हे खरे, परंतु अभ्यासकेंद्राच्या संयोजकांचे पत्र नेल्यास तिथे बसून वाचण्याची परवानगी बहुतेक ठिकाणी मिळू शकते. जाण्यापूर्वी दूरध्वनी करून वेळ, ओळखपत्र व शुल्क विचारून घ्यावे. वर्गांक आधीच टिपून नेले, तर एका दुपारी बरेच काम होते. संदर्भसेवेच्या टेबलावर प्रश्न विचारण्यास कचरू नये. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रे मांडली, त्यांपैकी एक वाचकाचा वेळ वाचवण्याविषयीच आहे. म्हणजे तुम्हाला मदत करणे हा त्या टेबलामागील व्यक्तीच्या कामाचाच भाग आहे.

विद्यापीठ दूर असेल, तर जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेची चौकशी करा. शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी स्थापन झालेल्या या संस्थांची स्वतःची ग्रंथालये असतात. जवळच्या बी.एड. महाविद्यालयातही विचारावे. २०१४ च्या नियमावलीपासून बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि किमान २० आठवड्यांचा शालेय अनुभव आवश्यक ठरला. त्या आठवड्यांत तेथील विद्यार्थी शाळांत असतात आणि वाचनकक्षात जागा सहज मिळण्याची शक्यता असते. बालभारतीची पाठ्यपुस्तके तर संकेतस्थळावरूनही उतरवून घेता येतात.

स्वयं-अध्ययनासाठी

अ) घरात, शेजारी किंवा ओळखीच्या शिक्षकांकडे असलेले मराठीचे सर्वांत जुने पाठ्यपुस्तक मिळवा. त्यावरील प्रकाशनवर्ष नोंदवा. त्याच इयत्तेच्या आजच्या पुस्तकाशी एका धड्याची तुलना करून लेखनपद्धती, शब्दनिवड आणि पात्रांची बोली यांतील फरक दोन पानांत लिहा.

आ) दुसरी-तिसरीतील पाच मुलांना बावन्न, अडुसष्ट, एकोणऐंशी आणि त्र्याण्णव या संख्या तोंडी सांगून अंकांत लिहायला लावा. चूक झाली तर ती खोडू नका. जशी आहे तशी वहीत उतरवून घ्या, आणि संपर्कसत्राला येताना ती वही सोबत आणा.